उमेद नसलेल्या दिवसांतली पेटी

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन घेतली आहेत. पहिल्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे. तोच प्रश्न कोणी चित्रकलेबद्दल, कोणी भरतकामाबद्दल, कोणी गाण्याबद्दल मला सारखा विचारतं, आणि आजवर मी त्याला दोन ओळींत उत्तर देत आले. ते बरोबर नव्हतं.

प्रश्न : बाई, सलाम. मी 38 वर्षांची आहे. बडोद्यात मांजलपूरला राहते, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब बघते. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. माझ्या वडिलांनी मला लहानपणी पेटी शिकवली. मला अभंगांना चाली बांधायचा नाद आहे. नारायण वामन टिळकांच्या अभंगांना बांधते, चार-पाच मी स्वतः लिहिलेत त्यांनाही. आजपर्यंत अकरा चाली झाल्या. त्यातल्या दोन आमच्या चर्चच्या मंडळीत उपासनेच्या वेळी गायल्या गेल्या. मागच्या वर्षी सगळ्या चाली ध्वनिमुद्रित करून एका भजनमंडळाला पाठवल्या. त्यांच्याकडून काहीच उत्तर आलं नाही. तेव्हापासून पेटी कपाटावर आहे. साडेसातला घरी येते, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, मग अंग टाकते आणि मोबाइल बघत पडते. सासूबाई म्हणतात, 'गाणं रविवारी देवासाठी करतेस ते पुष्कळ झालं, रोजचं काय त्यात?' बाई, ही आवड मला देवानेच दिली आहे असं मला मनापासून वाटतं. मग रोज उमेद का नसते? त्यासाठी प्रार्थना केली तरी येत नाही. आणि आपली चाल चार लोकांनी ऐकावी असं वाटणं हा गर्व आहे का?
— एक भगिनी, मांजलपूर

उत्तर : तू मला बाई म्हटलंस, म्हणून मीही अहो-जाहो न करता लिहिते.

'देवाने दिली आहे तर उमेद का नसते' हे तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. असं म्हणताना आपण एक गोष्ट न तपासता धरून चालतो, की देव ज्याला एखादी कला देतो त्याला ती करायची हौसही रोजच्या रोज पुरवतो. मीही वर्षानुवर्षं असंच धरून चालले होते. शास्त्रात, म्हणजे बायबलात, मात्र तसं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर येतो. देव मोशेला सांगतो की मी त्याला नाव घेऊन बोलावलं आहे, त्याला माझ्या आत्म्याने भरलं आहे आणि सोनं, रुपं, पितळ, लाकूड, पाषाण यांच्या कामाचं ज्ञान दिलं आहे. देवाने आपल्या आत्म्याने भरलेला माणूस म्हणून शास्त्रात असा नाव घेऊन सांगितलेला पहिला माणूस हातांनी काम करणारा आहे, याचं मला फार अप्रूप आहे. त्याला काय काय दिलं याची यादी तिथे सविस्तर आहे: ज्ञान, बुद्धी, कसब. रोज सकाळी उठल्यावर त्याला उत्साह वाटेल, असं त्या यादीत नाही.

माझं सांगते. मी बोरूने शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चार चरित्रं, लिहून काढते. माझं माहेर नगरचं. प्राथमिक शाळेत आम्ही बोरूने कित्ता गिरवला, त्याची गोडी लागली ती कायमची. 1979 मध्ये लग्न होऊन बडोद्याला आले, इथल्या मराठी शाळेत शिकवलं आणि 2014 मध्ये निवृत्त झाले. फळ्यावर लिहायची सवय लागलेला हात स्वस्थ बसेना. म्हणून मार्काचं शुभवर्तमान लिहायला घेतलं. सोळाच अध्याय, चारांत सगळ्यांत लहान. ते झाल्यावर मत्तय, मग लूक. बोरू मी स्वतः कापते, तोंड तिरपं आणि मधोमध बारीक चीर. शाई काजळीची, बाभळीच्या डिंकात घोटलेली. आधी पेन्सिलीने रेघा आखायच्या, मग लिहायचं. दिवसाला अर्ध पान.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली. धोक्याची पातळी 26 फुटांची आणि पाणी 35 फुटांच्या वर. आमचं घर समा भागात, तळमजल्यावर. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो, घाईत औषधं आणि कागदपत्रं घेतली. लुकाची पानं लाकडी कपाटाच्या खालच्या खणात राहिली. चौथ्या दिवशी खण उघडला, तर शाई पाण्यात विरघळून सगळा गठ्ठा राखाडी झालेला. डिंकाची शाई पाण्यापुढे टिकत नाही, हे मला शिकवायला कोणी लागणार नव्हतं. एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातलं. वाळल्यावर पाहिलं, तर पेन्सिलीच्या रेघा जशाच्या तशा होत्या. अक्षरं तेवढी गेली होती.

त्यानंतर सहा महिने मी बोरू हातात घेतला नाही. प्रार्थना करत होते, तुझ्यासारखीच. हौस परत दे, म्हणत होते. एक दिवस मंडळीतल्या एक वयस्कर बाई भेटायला आल्या. मला वाटलं, वचन वाचतील, धीर देतील. त्यांनी विचारलं, 'तुला झोप लागते का गं?' लागत नव्हती. पुरानंतर रात्री नुसता पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला तरी मी उठून बसत होते. त्या म्हणाल्या, एलीया संदेष्ट्याचं काय झालं ते वाच.

बायबलातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा 19वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला एलीया रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, 'पुरे झालं, आता माझा जीव घे.' त्याला देवाकडून पहिलं काय मिळालं? बोध नाही, कानउघाडणी नाही. देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच, ऊठ, खा. देवाचं बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. मी डॉक्टरांकडे गेले, औषध घेतलं, झोप सुधारली. म्हणून तुला पहिला प्रश्न विचारते. तू किती वाजता झोपतेस? साडेसातला घरी येऊन, दोन मुलांचा अभ्यास घेऊन, मग मोबाइल. रात्री उशिरा संपणाऱ्या दिवसात उमेद येणार कुठून? तुझा विश्वास कमी पडतोय असं मला तुझ्या पत्रात कुठेही दिसत नाही. झोप कमी पडते आहे असं मात्र दिसतं. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेव. हे मी देवाच्या गोष्टींपासून वेगळं काढून सांगत नाही, एलीयाच्या भाकरीसारखंच सांगते आहे.

दुसरं. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळत होता, तो रोजचा रोज गोळा करायचा होता. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. कोणी उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत आणि घाण सुटे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट. आपण आवडीच्या बाबतीत उलट करतो. महिनाभर काही करत नाही आणि एखाद्या सुट्टीत सगळा दिवस बसू म्हणतो. ती सुट्टी येते तेव्हा घरी पाहुणे असतात. आणि मागच्या वर्षी चाल बांधताना आलेला आनंद या वर्षी पुरेल असं आपण समजतो. पुरत नाही.

म्हणून पेटी आज कपाटावरून उतरव. उद्या नाही, आज. जी वस्तू काढायला स्टूल लागतं ती दमलेला माणूस काढत नाही. बडोद्याचा एक अख्खा पावसाळा ती वर राहिली आहे, तेव्हा पट्ट्या फुगून अडकत असतील, एखादा सूर लागत नसेल. ती दुरुस्त करून घे आणि तो खर्च घरखर्चात धर, चोरून करू नकोस. बैठकीतच भिंतीशी चटईवर ठेव, वर एक सुती कापड, पेटीचं खोकं नको. मग सकाळची किंवा रात्रीची वीस मिनिटं ठरव. मी असते तर सकाळची घेतली असती, कारण तुझ्या संध्याकाळीवर सगळ्यांचा हक्क आहे. वीस मिनिटांत पूर्ण चाल बांधायची नाही. ध्रुवपदाची एक ओळ घ्यायची. ती तीन तऱ्हेने म्हणून पाहायची, तारीख सांगून मोबाइलवर घ्यायची आणि भाता बंद करायचा. मन लागलं असेल तरी वीस मिनिटांनी उठ, दुसऱ्या दिवशी बसायला ओढ राहते. रविवारी बसू नकोस. रविवार उपासनेचा आणि विसाव्याचा. आणि मार्चअखेर तुझ्या कामाचं मला ठाऊक आहे. त्या महिन्यात पाच मिनिटांवर आण, पण भाता एकदा तरी हलू दे.

एक गोष्ट आग्रहाने सांगते: चाल लिहून ठेव. फोनमधली गेली की गेली, माझ्या शाईसारखी. तू बडोद्यात राहतेस. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये इथे गायनशाळा काढली ती मौलाबक्षांच्या हाताखाली, आणि गाणं कागदावर उतरवता यावं म्हणून मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनाची पद्धत तयार केली. भातखंड्यांनी देशातली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 मध्ये भरवली तीही याच गावात. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी पंधरा दिवसांत हाताला बसते. सूरसागराच्या परिसरात शिकवणारे पुष्कळ आहेत.

सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्या गाण्याच्या विरुद्ध आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही. सून दमते हे त्या बघतात, आणि त्यांच्या पिढीला 'देवासाठी' आणि 'रोजचं' यांतली भिंत फार भक्कम वाटते. त्यांना बायबलातल्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं ते वाक्य दाखव, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असं प्रेषित पौलाने लिहिलं आहे. ते कोणाला उद्देशून आहे ते बघ: दासांना. मालकाच्या घरी भांडी घासणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसांना. त्यात रविवार आणि सोमवार वेगळे नाहीत. पण वचन दाखवण्याच्याही आधी एक कर. त्यांच्या लहानपणी त्यांच्या मंडळीत टिळकांचे अभंग कोणत्या चालीवर म्हणत, ते त्यांना विचार. आपल्या जुन्या चाली गावोगाव वेगळ्या होत्या. जालन्याची वेगळी, नगरची वेगळी, आणि त्यातल्या पुष्कळ कुठेच लिहिलेल्या नाहीत. ज्यांना येतात त्या बायका सत्तरीच्या पुढे आहेत. सासूबाईंना पेटीशी बसव आणि म्हणायला सांग. माझी आई नगरच्या ख्रिस्ती देवळात म्हणायची त्यातली एक चाल मला पहिल्या दोन ओळींपुरती आठवते, पुढची विचारायला आज कोणी उरलेलं नाही. हे मला फार लागतं. तुझ्या घरात विचारायला माणूस आहे.

आता गर्वाचं. निर्गमाच्या 26व्या अध्यायात निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या रानातल्या उपासनेच्या तंबूच्या, पडद्यांचं वर्णन आहे. निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचं, करूब, म्हणजे पंखांचे स्वर्गदूत, काढलेलं, सगळ्यांत कुशल कारागिराचं काम. असे दहा पडदे. त्यांच्यावर बकऱ्याच्या केसांचे अकरा पडदे. त्यांच्यावर लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी, आणि त्यांच्याही वर आणखी एक कातड्यांचं आच्छादन. म्हणजे रानातून जाणाऱ्या माणसाला दिसायचं ते कातडं. ते देखणं विणकाम आत, याजकांनाच दिसणार. ज्यांनी ते विणलं त्यांनाही मंडप उभा राहिल्यावर ते पुन्हा बघायला मिळालं नसणार. ही गोष्ट मला पुरानंतर फार उपयोगी पडली. तुझ्या अकरापैकी नऊ चाली कोणी ऐकल्या नाहीत. त्या आतले पडदे आहेत. त्यांचं सूत हलकं नाही.

पण तोच प्रभू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो की दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो. तेव्हा लोकांनी ऐकावं असं वाटण्यात पाप नाही. मी माझ्यापुरती एक पारख ठेवली आहे. आमच्या मंडळीत दुसऱ्या कोणी वचन लिहून भिंतीवर लावलं आणि ते माझ्यापेक्षा देखणं असलं, तर मी थांबून त्याची वळणं बघते की मान फिरवून पुढे जाते? तू तुझी पारख अशीच कर. पुढच्या रविवारी दुसऱ्या कोणाची नवी चाल गायली गेली, तर तू टाळ धरतेस का? धरत असशील तर निर्धास्त मनाने आपल्या चाली पाठव. त्या भजनमंडळाला पुन्हा पाठव, या वेळी एकच, स्वरलिपीसकट. अकरा चाली एकदम ऐकायला कोणाला सवड नसते. उत्तर न येणं म्हणजे नकार, असं समजायचं कारण नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं एक सांगून थांबते. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं मोठं काव्य थोडेच अध्याय होऊन राहिलं होतं. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या. त्यांनी ते काव्य हाती घेतलं आणि पुढचे साठाहून जास्त अध्याय स्वतः रचले. टिळकांनी लिहिलं होतं त्याच्या कितीतरी पट. 1936 मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक छापून आलं 1938 मध्ये. पंडिता रमाबाईंचंही तसंच. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र साध्या मराठीत आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू राहिलं. भाषांतर पुरं झालं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. सबंध शास्त्र छापलेलं त्यांनीही पाहिलं नाही. या दोघींना रोज उमेद होती असं मला वाटत नाही. मुलगी गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात कुठली उमेद? पण मेजावर काम मांडलेलं होतं आणि ते कोणासाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मी पुन्हा बसले ती फेब्रुवारीत. ती वाळलेली पानं सुती कापडात घालून इस्त्रीने सरळ केली. राखाडी डाग राहिलेच. त्याच जुन्या रेघांवर लूक पहिल्यापासून लिहायला घेतला. त्या दिवशी हौस अजिबात नव्हती, चार ओळी लिहिल्या आणि उठले. तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी लिहिता लिहिता पाऊण तास गेल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. मग पुन्हा पंधरा दिवस कोरडे. आज आठव्या अध्यायात आहे. शाईत आता लाख घालते, ती पाण्याने जात नाही.

पेटी उतरवलीस की मला लिही. सासूबाईंची चाल मिळाली तर स्वरलिपी पाठव.

प्रश्न : मी फाइन आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं घर भाविक आहे. घरचे म्हणतात की ख्रिस्ती माणसाने काढायची तर शास्त्रातली चित्रं काढावीत. मला मांडवीचा बाजार, रिक्षा, भाजीवाल्या, विश्वामित्रीच्या काठची झाडं काढायला आवडतात. मी देवापासून लांब जातोय का? त्या विचाराने हल्ली ब्रश हातात घ्यायची इच्छाच होत नाही.
— एक विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर : बाळा, घरच्यांना निर्गमाचा 25वा आणि 28वा अध्याय वाचून दाखव. देवाने स्वतः सांगितलेल्या दीपवृक्षावर काय आहे? बदामाची फुलं, कळ्या आणि पाकळ्या. महायाजकाच्या झग्याच्या घेरावर काय? डाळिंबं, तीही निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची. निळं डाळिंब तू कुठे पाहिलंस? निवासमंडपातल्या पवित्र वस्तूंवर झाडाफुलांची कलाकुसर आहे, आणि रंगही कारागिराने झाडावरून उतरवलेले नाहीत. प्रभूचे दाखले तर पेरणी, खमीर, जाळं, हरवलेलं नाणं, लग्नघर यांनीच भरलेले आहेत. भाजीवाली काढ.

पण तुला एका माणसाची ओळख करून देते. अँजेलो दा फोन्सेका, 1902 मध्ये जन्मलेले गोव्याचे चित्रकार. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. त्यांनी मरीयेला लुगडं नेसवलं, आपल्या मातीतल्या बाईसारखी काढली. गोव्यात त्यावरून त्यांना खूप बोलणी खावी लागली. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते चित्रं काढत राहिले, 1967 मध्ये वारले. म्हणजे शास्त्रातली चित्रं काढूनही बोलणी खावी लागतातच. त्यांच्या गुरूंनी रंगवलेल्या भिंती तुझ्या कॉलेजपासून लांब नाहीत. विश्वामित्रीच्या पुलाजवळचं कीर्तिमंदिर, 1939 ते 1946 या काळात नंदलाल बोसांनी तिथे भित्तिचित्रं काढली. एक सकाळ वही घेऊन तिथे जा. वडिलांनाही घेऊन जा. मुलगा काय शिकतो आहे हे बापाला घरी बसून कळत नाही, भिंतीसमोर उभं राहिलं की कळतं.

आणि ब्रश धरण्याआधी प्रार्थना करतोस का? करत नसशील तर सुरू कर. विषय कोणताही असू दे.

प्रश्न : रिफायनरीत 33 वर्षं पाळीची नोकरी केली. आता 61 वर्षांचा आहे. लाकडावर कोरीव काम करायची हौस तरुणपणापासून आहे. नाताळासाठी गव्हाणीचा देखावा कोरायला घेतला आहे, मेंढ्या तीन झाल्या. मुलगा म्हणतो, बाबा, आता या वयात कशाला बोटं कापून घेता? खरंच उशीर झाला का? रोज पटाशी हातात घेताना हाच विचार येतो.
— एक वाचक, गोरवा

उत्तर : भाऊसाहेब, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून गोव्याला आले 1579 मध्ये, तिशीच्या आसपास. मराठी त्यांनी इथे येऊन शिकली. त्यांचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं 1616 मध्ये. तेव्हा ते पासष्टीच्या पुढे होते. तेही देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमी अक्षरांत छापावं लागलं. तुम्ही 61 चे. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

मार्काचं शुभवर्तमान लिहिताना सहाव्या अध्यायात माझा बोरू थांबला होता. नासरेथचे लोक प्रभूबद्दल म्हणतात, 'हा सुतार ना?' लूक सांगतो की कार्याला आरंभ केला तेव्हा प्रभू सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षांत त्याच्या हातून काय काय घडलं असेल, जू, दारं, चौकटी, त्यातल्या एकाही वस्तूची नोंद कोणी ठेवली नाही. तुमच्या मेंढ्या त्या कामाच्या वंशातल्या आहेत, असं मी मनापासून मानते.

मुलाची काळजी मात्र खरी आहे. डाव्या हातात कातडी मोजा घाला, लाकूड शिकंज्यात धरा, आणि पटाशीला धार लावत जा. बोथट पटाशी निसटते आणि बोट कापते. सागवान मेंढ्यांना कठीण जाईल, शिवण घेऊन पाहा, मऊ आहे आणि फाटत नाही. थंडी पडली की एक दिवस संखेड्याला जा, बडोद्यापासून सकाळी निघालात तर दुपारी परत. तिथले खराडी लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडी सामानाचे सागवानी पाय खरादावर ओढतात आणि फिरत्या लाकडावरच लाख चढवतात. दुकानात बसू नका, मागे कामाच्या जागी बसायची परवानगी मागा. देतात. मुलाला सोबत न्या.